ताटलीवरची गुरगुर

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगूला बहिणीच्या घरी गेलो, तर पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला आणि त्याच्या पायथ्याशी, पोत्याच्या घडीवर, दोन ओंजळीत मावेल एवढं तांबूस पिलू. सहा वर्षांच्या भाचीने ते शेताच्या बांधावरून उचलून आणलं होतं. तिने दूध-भाकरीचा काला ताटलीत घालून त्याच्यापुढे ठेवला आणि मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पिलू खायचं थांबलं. मान ताटलीवर आणखी खाली गेली, अंग ताठ झालं आणि घशातून एक बारीक, लांबट गुरगुर आली. पोरीने हात झटकन मागे घेतला. दाजींनी पिलाच्या तोंडावर एक चापट दिली. "खाऊ घालणाऱ्यावरच गुरगुरते! आत्ताच मोडली पाहिजे ही सवय."

बहिणीची सासू चुलीपाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "काहून मारतो रे त्याला? भुकेलं लेकरू आहे ते."

दाजी वाईट माणूस नाहीत. घरात लहान पोर असताना बापाच्या मनात पहिला विचार चाव्याचाच येणार. पण त्या घरात त्या दिवशी पिलाची भाषा आजीला कळली होती, आणि चापटीने नेमकं काय मोडतं हे दाजींना माहीत नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांना ते माहीत नसतं, म्हणून हा लेख.

हिवाळ्यात या भागात घरोघरी पिलं का दिसतात, ते आधी सांगतो. गावातल्या मोकळ्या कुत्र्या बहुधा पावसाळा सरता सरता माजावर येतात. गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांनी त्या वितात. म्हणजे पिलं जन्मतात ती वेचणीच्या हंगामात, आणि आदिलाबादची थंडी तर तेलंगणात सगळ्यात कडक. रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. कुडकुडणारं पिलू पोरांना बघवत नाही, ते घरात येतं. मोठ्यांचाही विरोध नसतो, कारण शेतावर राखणीला कुत्रं लागतंच. रानडुकरं पिकात शिरतात. पैनगंगेपलीकडे टिपेश्वरचं अभयारण्य आहे, तिथले वाघ नदी ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात येतात. रात्री जागलीला बसलेल्या माणसाला कुत्र्याच्या सोबतीइतका दुसरा आधार नसतो. तलमडुगूत कुत्र्याच्या लेकराला कोणी पिलू म्हणतं, शेजारी कोणी तेलुगूत कुक्कपिल्ला म्हणतं. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, म्हणून एका गल्लीत दोन-तीन भाषा नांदणं इथे जुनंच आहे. कुत्र्याच्या गुरगुरीचा अर्थ मात्र सगळ्या घरांत एकच लावला जातो: माजोरीपणा.

तो माजोरीपणा नसतो. पाच-सहा आठवड्यांचं पिलू ताटलीवर गुरगुरतं तेव्हा ते घरावर राज्य करायला निघालेलं नसतं. त्याच्या आयुष्याचा हिशेब बघा. एका वेताला पाच-सहा भावंडं, आई स्वतःच उकिरड्यावर पोट भरणारी, तिच्या अंगावर दूध ते किती. जे पिलू घासापाशी टिकून राहिलं ते जगलं. अशा पिलाला पहिल्यांदा आख्खी ताटली मिळते आणि पहिल्या चार घासांतच वरून एक मोठा हात येतो. 'हे माझं आहे, नेऊ नको' एवढंच ते सांगत असतं. त्याच्याकडे सांगायला दुसरा शब्द नाही.

आणि हा एकच आवाज सगळीकडे सारखा वापरला जातो असंही नाही. हंगेरीत बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या गुरगुरी ध्वनिमुद्रित केल्या: खेळतानाची, हाडूक राखतानाची, अनोळखी माणूस समोर आल्यावरची. २०१०मध्ये त्यांनी दाखवलं की, हाडूक राखणाऱ्या कुत्र्याची गुरगुर ऐकली की दुसरं कुत्रं समोरच्या हाडकापासून मागे सरतं. अनोळखी माणसावरची गुरगुर ऐकवली तर तेवढं सरत नाही. म्हणजे कुत्र्यांना त्यातला फरक कळतो. पुढे २०१७मध्ये त्यांनी माणसांनाही हे आवाज ऐकवले. ६३ टक्के वेळा माणसांनी प्रसंग बरोबर ओळखला, खेळातली गुरगुर तर ८१ टक्के वेळा. बायकांची उत्तरं पुरुषांपेक्षा अधिक बरोबर आली. हे वाचलं तेव्हा मला चुलीपाशी बसलेली ती आजी आठवली.

आवाजाबरोबर अंगाकडे बघायला शिकलं की काम सोपं होतं. खेळणाऱ्या पिलाचं अंग सैल असतं. पुढचे पाय जमिनीला टेकवून ते मागचा भाग वर करतं, उड्या मारतं, धोतराचा सोगा ओढताना तुटक-तुटक गुरगुरतं. त्याला घाबरायचं कारण नाही; फार चेकाळलं तर कापड सोडून द्यायचं आणि क्षणभर खांबासारखं उभं राहायचं. राखणीतली किंवा भीतीतली गुरगुर वेगळी. अंग लाकडासारखं ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागलेला. ते आधी थिजतं, मग गुरगुरतं, मग ओठ वर जाऊन दात दिसतात, मग हवेतच एक चावा घेतं, आणि यातलं काहीच कोणी ऐकलं नाही तर शेवटी अंगाला दात लावतं. 'भुंकणारं कुत्रं चावत नाही' या म्हणीवर विसंबून पोराला त्याच्यापुढे बसवू नका.

आता दाजींच्या चापटीकडे येतो. मार बसल्यावर पिलू गप्प होतं हे खरं आहे, आणि म्हणूनच माणसाला वाटतं की उपाय लागू पडला. पण त्याची भीती तशीच राहते, उलट वाढते, कारण हात जवळ आला की घासही जातो आणि मारही बसतो हे आता त्याला पक्कं कळलेलं असतं. मोडतो तो फक्त इशारा. सहा महिन्यांनी तेच कुत्रं 'न गुरगुरता, अचानक' चावलं असं आपण सांगत बसतो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९मध्ये १४० कुत्रेमालकांची पाहणी प्रसिद्ध केली. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांना त्यावर कुत्र्याचा उलटा हल्ला अनुभवायला मिळाला होता. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढून घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना. राखणीचं कुत्रं तिखट व्हावं म्हणून मुद्दाम चिडवणारे, मिरची चारणारे लोकही गावोगाव आहेत. त्यांना कळकळीने सांगतो, घाबरट कुत्रं राखण करत नाही. ते जवळ येईल त्याला चावतं, आणि सगळ्यात जवळ घरातलं लेकरू असतं.

मग करायचं काय? त्या घरात दुसऱ्या दिवसापासून आम्ही जे केलं ते सांगतो. पिलाची ताटली वाटेतून हलवून भिंतीच्या आडोशाला ठेवली. खाताना कोणी हात लावायचा नाही. बहीण मात्र चार पावलांवरून जाताना उकडलेल्या अंड्याचा कण ताटलीकडे टाकायची आणि न थांबता पुढे जायची. पिलू जिथवर सैल राहील तिथवरच जवळ जायचं, ताठ झालं की दुसऱ्या दिवशी एक पाऊल मागून सुरुवात. आठवडाभरात माणूस येताना दिसला की पिलू मान वर करून बघू लागलं. येणारा हात घेऊन जात नाही, आणून देतो, हा हिशेब त्याच्या डोक्यात बसला. हे मोठ्यांनी करायचं काम आहे, पोरांवर सोपवायचं नाही. चप्पल पळवली तर तोच मार्ग: मागे धावायचं नाही, भाकरीचा तुकडा दाखवून अदलाबदल करायची.

झोपेतल्या पिलाला हात लावून उठवायचं नाही, लांबून हाक मारायची. पोराने पिलाला उचलून गळ्याशी आवळायचं नाही. त्याला ती मिठी वाटत नाही, पकड वाटते. कुरवाळायचं असेल तर दोन-तीन वेळा हात फिरवून थांबायचं. पिलू पुन्हा अंगाशी आलं तर आणखी हवंय, तोंड फिरवलं तर पुरे. आमच्या भाचीला हा खेळ इतका आवडला की ती शेजारच्या पोरांना शिकवू लागली. पिलू आणि लहान मूल एकत्र असताना मोठं माणूस नजरेसमोर हवंच, याला मात्र कोणतीही सवलत नाही.

वयाचंही महत्त्व आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिलं अभ्यासून १९६५मध्ये ग्रंथ लिहिला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिलू जे पाहतं, हुंगतं, ऐकतं ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं, हे त्यातून पुढे आलं. शक्य असेल तर आठ आठवड्यांपर्यंत पिलू आईजवळ राहू द्यावं. भावंडांशी खेळतानाच ते दात किती जोराने लावायचे हे शिकतं. आपलं पिलू लवकर आलं असेल, तर या आठवड्यांत त्याला म्हातारी माणसं, काठी, सायकल, बैल, ट्रॅक्टरचा आवाज, सगळ्यांची ओळख लांबून, खाऊच्या सोबतीने करून द्यावी.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. कालपर्यंत अंगावर लोळणारं पिलू आज हात लावताच गुरगुरत असेल, तर ते दुखणं समजावं. कानात गोचीड, पोटात जंत, पायात काटा, काहीही असू शकतं. त्याला जनावरांच्या दवाखान्यात दाखवावं. लाळ गळणं, आवाज बदलणं, खालचा जबडा लुळा पडणं, दिसेल त्याला चावायला धावणं अशी लक्षणं असतील तर मात्र त्याला हातही लावू नये. पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, पिलांनाही होतो, आणि माणसात त्याची लक्षणं दिसू लागली की वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

म्हणून पिलाचा दात लागून रक्त आलं किंवा नुसता ओरखडा उठला तरी 'एवढंसं तर पिलू आहे' म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे लस मोफत असते. पहिली त्याच दिवशी, मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी ती घ्यावी लागते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पिलू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घ्यायची आणि पुढची तारीख चुकवायची नाही.

मागच्या रविवारी बहिणीला फोन केला. पिलाला लस टोचली, कागद शाळेच्या दाखल्यांच्या पिशवीत जपून ठेवलाय म्हणाली. ताटलीवर आता ते गुरगुरत नाही. झोपेत कोणाचा पाय लागला तर अजून गुरगुरतं. परवा दाजींचाच पाय लागला. त्यांनी हात उगारला नाही. पिलाचं पोतं दारातून उचललं आणि आत धान्याच्या कोठीमागे, कोणी जात-येत नाही तिथे नेऊन अंथरलं.