विश्लेषण : मेथी-डाळिंबाने म्हातारपणी स्नायूंची झीज थांबते का?

डाळिंब, मेथी, सफरचंदाची साल यांतील घटक उतारवयात स्नायूंची ताकद टिकवतात, असे सांगितले जाते. या घटकांच्या कॅप्सूलही बाजारात आल्या आहेत. या दाव्यांमागे संशोधन आहे, पण ते नेमके कुठवर पोहोचले आहे?

सार्कोपेनिया म्हणजे काय?

वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद घटत जाते. ही घट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तिला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाटा मात्र अनेकदा तोच आकडा दाखवतो, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. म्हणून ही झीज लवकर लक्षात येत नाही. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणे, जिना नकोसा वाटणे, बरणीचे झाकण न उघडणे ही तिची सुरुवातीची लक्षणे असू शकतात. पुढचा धोका पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा.

घरच्या घरी ओळखता येते का?

आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये यासाठी निकष ठरवले. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून सलग पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर ती धोक्याची खूण समजली जाते. पोटरीचा घेर पुरुषांमध्ये ३४ आणि महिलांमध्ये ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तरी तपासणी करून घ्यावी. चाचणीच्या वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे. पक्के निदान डॉक्टरच करतात.

डाळिंब आणि मेथीत असे काय आहे?

डाळिंबातील एलॅजिटॅनिन या घटकांपासून आतड्यातील काही जिवाणू ‘युरोलिथिन ए’ तयार करतात. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांपैकी जुन्या, बिघडलेल्या मोडीत काढायला ते मदत करते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या २०१६ मधील प्रयोगात ते दिलेल्या म्हाताऱ्या उंदरांची धावण्याची क्षमता ४२ टक्क्यांनी जास्त आढळली. अडचण अशी, की हे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात पुरेसे नसतात. दोघांनी सारखेच सोलापुरी डाळिंब खाल्ले, तरी एकाच्या शरीरात युरोलिथिन तयार होईल आणि दुसऱ्याच्या नाही, असे होऊ शकते.

मेथीत आणि कॉफीत ‘ट्रायगोनेलिन’ असते. सार्कोपेनिया असलेल्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण कमी असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हाताऱ्या उंदरांना ते दिल्यावर त्यांच्या स्नायूंची ताकद वाढली. सफरचंदाच्या सालीतील अर्सोलिक आम्ल आणि हिरव्या टोमॅटोशी संबंधित टोमॅटिडिन यांचेही उंदरांवरील निष्कर्ष आशादायक आहेत.

माणसांवर काय दिसले?

इथे चित्र बदलते. सिएटलमध्ये ६५ ते ९० वयाच्या ६६ जणांना चार महिने रोज १,००० मिलिग्रॅम युरोलिथिन ए किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. २०२२ मध्ये निकाल आले. हाताच्या आणि पायाच्या स्नायूंचा दमदारपणा काहीसा सुधारला, पण सहा मिनिटांत चालून होणाऱ्या अंतरात दोन गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. ही चाचणी युरोलिथिनचे उत्पादन विकणाऱ्या कंपनीच्या अर्थसाहाय्याने झाली होती. वाटीभर मेथीची भाजी किंवा हिरव्या टोमॅटोची चटणी खाऊन उंदरांवरील प्रयोगासारखा परिणाम मिळेल, असे म्हणायला आज आधार नाही. या गोष्टी ताटात जरूर असाव्यात, पण भाजी-फळे म्हणून. औषध म्हणून नव्हे.

मग ताटात काय हवे?

प्रथिने. प्रौढांसाठी भारतीय शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने १ ते १.२ ग्रॅम सुचवले. म्हणजे ६० किलो वजनाच्या आजोबांना रोज ६० ते ७२ ग्रॅम. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पोळी-भाजी आणि दात नाहीत म्हणून रात्री मऊ भात, अशा दिवसात हा आकडा गाठला जात नाही.

दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. चावत नसेल तर घट्ट वरण, पिठले, दाण्याचे कूट, दही, मऊ पनीर हे पर्याय आहेत. सगळी प्रथिने एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत वाटून घेतलेली बरी.

केवळ आहार पुरतो का?

नाही. बोस्टनमधील वृद्धाश्रमातील १०० जणांवर केलेला प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. दहा आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिलेल्यांची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली. नुसते पोषक पेय दिलेल्यांमध्ये मात्र व्यायामाविना ताकद वाढली नाही. खुर्चीतून उठबस, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे अशी सुरुवात घरीही करता येते. केवळ चालणे पुरेसे नाही, स्नायूंवर भार पडायला हवा.

कोणी सावध राहावे?

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मेथीच्या अर्काने रक्तातील साखर कमी होऊ शकते. त्यामुळे मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी अशा कॅप्सूल स्वतःहून सुरू करू नयेत. हृदयविकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी व्यायामाआधी सल्ला घ्यावा. आणि कॅप्सूलच्या खर्चासाठी घरातील दूध, अंडी, डाळ यांना कात्री लागत असेल, तर स्नायूंच्या दृष्टीने तो व्यवहार तोट्याचाच आहे.