अंधशिक्षण
दृष्टीचा पूर्ण किंवा अंशतः अभाव असलेल्या मुलांना स्पर्श, श्रवण, गंध व शिल्लक दृष्टी यांच्या साहाय्याने द्यावयाचे शिक्षण. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाने अंधत्व व अल्पदृष्टी हे दोन निराळे प्रकार मानले आहेत. अध्यापनातही हा भेद पाळावा लागतो. पुष्कळ अल्पदृष्टी मुले ठळक अक्षरे, भिंग व पुरेसा उजेड मिळाल्यास छापील मजकूर वाचू शकतात. अंध मुलास मात्र ब्रेल लिपी शिकविणे आवश्यक असते.

इतिहास : लूई ब्रेल (१८०९–५२) या अंध फ्रेंच शिक्षकाने आपली उठावाच्या सहा टिंबांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. भारतातील अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे निघाली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी अशी शाळा काढली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल लिपी निश्चित झाली. तीत स्वरचिन्ह नेहमी व्यंजनानंतर येते. त्यामुळे छापील ‘कि’मधील आधी येणारी वेलांटी ब्रेलमध्ये उच्चारक्रमाने नंतर वाचली जाते.

अध्यापन : डोळस मूल वस्तू एका दृष्टिक्षेपात समग्र पाहते व मग तिचे भाग न्याहाळते. स्पर्शज्ञानाचा क्रम याच्या उलट, म्हणजे भागांकडून समग्राकडे असतो. म्हणून केवळ वर्णन ऐकविल्यास मुलास शब्द पाठ होतात, परंतु अर्थबोध होत नाही. उदा., बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील विवराचा व्यास सुमारे १·८ किमी. व खोली सुमारे १५० मी. आहे. त्याचा पाठ देताना प्रथम मातीची प्रतिकृती हाताळावयास द्यावी, म्हणजे उंचावलेली कड व खोलगट तळ बोटांना कळतात. त्यानंतर मुलास प्रत्यक्ष विवराच्या काठावरून काही अंतर पावले मोजीत चालवावे व बेसाल्टचा खडक चाचपू द्यावा. शेवटी प्रतिकृती पुन्हा हाती दिल्यावर तिच्या व मूळ विवराच्या आकारमानातील फरक त्यास उमगतो. वर्गात फळ्यावरील मजकूर शिक्षकाने मोठ्याने वाचावा. ‘हे’, ‘तिकडे’ असे मोघम न बोलता वस्तूचे नाव व दिशा सांगावी.

व्यवस्था : निवासी शाळेत ब्रेलचे पद्धतशीर शिक्षण व समदुःखी सोबती मिळतात, मात्र मूल लहान वयातच घरापासून दुरावते. सर्वसाधारण शाळांतील एकात्म शिक्षणास केंद्र शासनाच्या १९७४ च्या योजनेने चालना मिळाली. तेरा तालुक्यांत विखुरलेल्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या पद्धतीने मूल गावीच राहून शिकू शकते. परंतु त्यासाठी ब्रेल जाणणाऱ्या फिरत्या शिक्षकाने नियमित यावे लागते व ब्रेल पुस्तके वर्षारंभीच हाती पडावी लागतात. ध्वनिमुद्रित पाठ उपयुक्त असले, तरी शुद्धलेखन, गणित व स्वतंत्र लेखन केवळ ऐकून येत नाही. ही साधने नसल्यास पटावर नाव असूनही मूल निरक्षर राहते, आणि तो दोष त्याच्या दृष्टीचा नसून व्यवस्थेचा होय.