जेत्यांच्या चुलीवर हरलेल्यांचं मडकं

संस्कृतीचा प्रभाव जेत्याकडून जिंकल्या गेलेल्याकडे वाहतो, असं आपण सहसा धरून चालतो. आज हे गृहीतक एका साध्या मडक्यावर तपासून पाहू.

इ. स. ४३ मध्ये रोमनांनी ब्रिटनवर स्वारी केली. त्यांच्याबरोबर गॉलमधल्या तांबड्या चकचकीत थाळ्या-वाडगे आले, वाटणासाठी खरखरीत तळाची पसरट भांडी आली, चाकावर झपाट्यानं भांडी घडवणारे कुंभार आले. मग देशी मडकं मागे पडायला हवं होतं. पण तसं झालं नाही.

दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या डॉर्सेट परगण्यात, ड्युरोट्रिजेस नावाची जमात राहत होती, भाषा केल्टिक. पूल बंदराच्या आसपासचे त्यांचे कुंभार वाळूमिश्रित माती हातानं घडवत, वरून घोटून गुळगुळीत करत आणि साध्या जाळात भाजत. भांडं काळं होई. रोमन सत्ता आली तरी त्यांनी हा हातचा धंदा सोडला नाही. आणि गंमत पाहा, इ. स. १२२ मध्ये हेड्रियनची भिंत उभी राहू लागली, तर तिथल्या रोमन छावण्यांच्या उकिरड्यांत हीच काळी मडकी सापडतात. सुमारे ५०० किलोमीटर उत्तरेला! चौथ्या शतकापर्यंत त्यांचा खप टिकला.

सैनिकांना केल्टिक परंपरेचं प्रेम होतं म्हणून नव्हे, बरं का. वाळूमिश्रित माती चुलीची धग सोसते, चटकन तडकत नाही. पुढे थेम्सच्या मुखाजवळचे कुंभार तर चाकावर या मडक्याची नक्कल करू लागले. उलट बाजूनं, डॉर्सेटच्या कुंभारांनीही नव्या गिऱ्हाइकांसाठी सपाट बुडाच्या थाळ्या घडवल्या. म्हणजे देवघेव दोन्हीकडून होती.

फ्रान्सिस हॅव्हरफील्ड या इतिहासकारानं १९०५ साली या साऱ्या बदलाला ‘रोमनीकरण’ म्हटलं. शब्द सोयीचा आहे, पण दिशा एकच दाखवतो. शिलालेख लॅटिनमध्ये आहेत. तेवढेच वाचले तर जुनी संस्कृती पुसली गेली असंच वाटेल. ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही, त्यांची साक्ष या काळ्या खापरांत आहे.

तेव्हा ‘कोणाचा प्रभाव कोणावर’ एवढं विचारून भागत नाही. कोणत्या बाबतीत, हेही विचारावं लागतं. कारभाराच्या भाषेत रोम जिंकलं. रोजच्या शिजवण्यात मात्र त्याला डॉर्सेटच्या कुंभाराचं ऐकावं लागलं.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ या.