प्रोसेसरची खरेदी : नावावर जाऊ नका

अमरावतीचे बिझीलँड-सिटीलँड असो की अकोल्याचा टिळक रोड, कॉम्प्युटर नसलेले कापडाचे ठोक दुकान आता शोधावे लागेल. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ज्या कापडाला तोवर विक्रीकराची फारशी झळ नव्हती तेही कराच्या चौकटीत आले. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला माल देताना ई-इनव्हॉइस काढणे बंधनकारक झाले. लाल वहीवर वाढलेल्या आम्हा मंडळींनाही मग कळफलकावर बोटे चालवावी लागली. परंतु बिले काढायला आणि टॅलीत नोंदी करायला साधा कॉम्प्युटर पुरतो. त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

लिहायचे आहे ते आमच्या कारागीर बांधवांच्या मुलांसाठी. कोणी भरतकामाच्या मशिनसाठी पंचिंग करतो, कोणी फ्लेक्स छापतो, कोणी लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करतो. यांना जोरदार यंत्र लागते. ते यंत्र बापाच्या शिलकीतून येते, आईच्या दागिन्यातून येते, नाहीतर व्याजाच्या हप्त्यावर येते. इतका पैसा घालून घेतलेल्या यंत्रातली सर्वांत कमी समजलेली वस्तू म्हणजे प्रोसेसर. बाजारात आपण सगळ्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आत बसलेली, तळहातावर मावणारी चौकोनी चकती. तिच्याच नावावर आज सर्वांत जास्त फसवणूक चालते.

गिऱ्हाईक विचारते, "कोणता आहे?" दुकानदार सांगतो, "आय-सेव्हन आहे." गिऱ्हाईक खूश. आम्ही कापडवाले असे कधी करतो का? "मिलचा माल आहे" एवढ्यावर कोणी थान उचलत नाही. सुताचा काउंट विचारतो, पन्हा मोजतो, कापड उजेडात धरून वीण बघतो. प्रोसेसरचा काउंट त्याच्या नावापुढच्या आकड्यात असतो. इंटेलचा आय-७ २६०० हा २०११ चा, दुसऱ्या पिढीचा, चार कोअरचा. आय-३ १२१०० हा २०२२ चा, बाराव्या पिढीचा, तोही चार कोअरचाच. नावाने 'तीन' असलेला हा दुसरा प्रोसेसर त्या 'सात'ला कितीतरी मागे टाकतो. म्हणजे 'सात' की 'तीन' हा प्रश्न नंतरचा. आधी पिढी विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून इंटेलने डेस्कटॉपच्या नव्या मालिकेतून 'आय' हे अक्षरच काढून टाकले आणि 'कोअर अल्ट्रा' असे नाव दिले, त्यामुळे गोंधळात भर पडली. दुसरी कंपनी एएमडी. तिचे रायझन हे नाव २०१७ मध्ये आले. तिथेही ५, ७, ९ या आकड्यावर न थांबता पुढची चार अंकी संख्या बघावी.

मोठ्या शहरांतल्या कंपन्या जुने कॉम्प्युटर बदलतात तेव्हा ती यंत्रे पुसून-पासून, नवे स्टिकर लावून आपल्याकडे येतात. जुना माल जुना म्हणून विकण्यात काही वावगे नाही. परंतु पिढी न सांगता 'आय-सेव्हन' एवढेच सांगून विकणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या ढिगाखाली ओल निघाली, तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी त्या विक्रेत्याला विचारले होते. आमच्यातलेच काही तरुण इतवारा बाजारात आणि मोहम्मद अली रोडवर कॉम्प्युटरचा धंदा करतात. त्यांनीही पिढीचा आकडा बिलावर लिहावा.

ढिगात हात घालायची सोय विंडोजमध्येच आहे. यंत्र चालू करून टास्क मॅनेजर उघडायचे आणि परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचायचे. त्यासाठी डब्यावरचे स्टिकर बघायची गरजच नाही. आणखी एक रेघ लक्षात ठेवण्यासारखी आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका आणि त्यापुढचेच प्रोसेसर मान्य करते. त्याआधीचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी जीएसटीचा आणि बँकेचा पासवर्ड ज्याच्यावर टाकायचा, त्या कामासाठी ते घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता जोर किती हवा ते पाहू. कोअर म्हणजे कारखान्यातले शिंपी समजा. जूनमध्ये शाळेच्या गणवेशाची पाचशेची ऑर्डर आली तर दहा शिंपी बसवल्याने काम भराभर उरकते. पण एकच शेरवानी शिवायची असेल तर दहा शिंप्यांचा काय उपयोग? तिथे एकाच शिंप्याचा हात जलद हवा. कॉम्प्युटरची कामेही अशीच दोन जातींची आहेत. विलकॉमसारख्या सॉफ्टवेअरवर भरतकामाचे पंचिंग करणे, कोरलमध्ये डिझाइन काढणे, इनपेजवर उर्दू लग्नपत्रिका जुळवणे, ही सगळी शेरवानीची कामे. त्यांना सहा जलद कोअर पुष्कळ झाले. त्यांच्यावर चोवीस कोअरचा प्रोसेसर लादणे म्हणजे घरच्या शिलाईसाठी कारखाना भाड्याने घेणे. (पंचिंग हा शब्दही आमच्याच धंद्याचा. पूर्वी भरतकामाच्या मशिनला नक्षी सांगण्यासाठी कागदाला भोके पाडत, त्यावरून तो आला. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालवला, आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तीच युक्ती उचलली. कॉम्प्युटरने विणकरांकडून घेतलेले हे देणे फार कमी लोकांना ठाऊक असते.)

गणवेशाचे काम म्हणजे व्हिडिओ. तीन दिवसांच्या लग्नाचे चित्रण दोन-तीन कॅमेऱ्यांनी झालेले असते. ते जोडून शेवटी एकसंध फाइल काढायची तेव्हा जास्त कोअर खरोखर कामी येतात. पण इथे एक बारीक खोच आहे. आपल्याकडे अनेक मिक्सिंगवाले एडियसवर काम करतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जी अंगभूत ग्राफिक्स असते तिच्यातल्या क्विक सिंक या सोयीचा एडियस उपयोग करते आणि फाइल लवकर निघते. ज्या इंटेल प्रोसेसरच्या आकड्याशेवटी 'एफ' अक्षर असते त्यात ही ग्राफिक्स नसतेच. 'एफ' थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार तोच गळ्यात मारतो. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर चित्रही येत नाही, आणि कार्ड घेतले तरी क्विक सिंक हातची गेलेली असते. एडियसवाल्याने 'एफ' घेऊच नये. 'के' अक्षराचा अर्थ एवढाच की वेग आणखी वाढवण्याची मोकळीक आहे. ती आपल्या कामाची नाही. एएमडीच्या काही प्रोसेसरवर 'एक्स३डी' लिहिलेले असते. त्यात हाताशी ठेवायचे फडताळ, ज्याला कॅश म्हणतात, फार मोठे असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रायझन ७ ९८००एक्स३डी त्यातलाच. खेळ खेळणाऱ्यांत त्याची मोठी वाहवा झाली. पंचिंगवाल्याने त्यासाठी जादा पैसे मोजायचे कारण आम्हाला दिसत नाही.

आता वऱ्हाडच्या उन्हाकडे येऊ, कारण दिल्ली-मुंबईच्या जाहिराती वाचून ठरवणारा माणूस इथेच फसतो. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्हा प्रशासनाला उन्हामुळे कलम १४४ लावावे लागले. तोच लग्नसराईचा महिना. म्हणजे मिक्सिंगवाल्याचे आणि भरतकामवाल्याचे काम सर्वांत जास्त असते त्याच दिवसांत यंत्राचा जीव सर्वांत जास्त कासावीस होतो.

प्रोसेसर जितकी वीज खातो तितकी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. इंटेलचा आय-९ १४९००के भर कामात २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे जुने शंभर वॅटचे अडीच बल्ब एका काडेपेटीएवढ्या जागेत पेटवल्यासारखे. त्यावरचा पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, हवा आणि चिप यांच्यातला फरक तेवढा आटोक्यात ठेवतो. एखादी चाचणी २२ अंशांच्या खोलीत झाली आणि चिप ८० अंशांवर थांबली, तर ४२ अंशांच्या गाळ्यात तोच पंखा तिला १०० च्या आसपास नेईल. आणि साधारण ९५ ते १०० अंशांना हे प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात, जळू नये म्हणून. म्हणजे ज्या जोरासाठी जादा पैसे मोजले तो जोर मेच्या दुपारी मिळतच नाही. डिसेंबरात घेतलेल्या यंत्राचे हे गुपित मेमध्ये उघडे पडते.

यात आमच्या धंद्याची एक खास आपत्ती मिसळते. कापडाच्या दुकानात आणि शिलाईच्या कारखान्यात रुईची बारीक धूळ कायम उडत असते. वाळ्याचा किंवा लाकडी भुशाचा कूलर लावला की हवेत ओल येते. ती ओल आणि ती रुई मिळून प्रोसेसरच्या हीट सिंकवर नमद्यासारखा थर बसतो. पंखा फिरताना दिसतो, पण हवा आत जात नाही. कारखान्यात बसवलेल्या यंत्राचे झाकण उघडून महिन्यातून एकदा ब्लोअर मारावा, डबा जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावा, आणि कूलरचा झोत थेट त्यावर कधीही सोडू नये.

सबब आमचा सल्ला असा की आपल्या भागात प्रोसेसर निवडताना कोअरच्या आधी वॅट विचारावेत. एएमडीचा रायझन ९ ७९०० हा बारा कोअरचा असून ६५ वॅटच्या वर्गातला आहे, भर कामातही तो ८८ वॅटच्या आसपास राहतो. आठ कोअरचा रायझन ७ ९७००एक्स याच वर्गात मोडतो. एडियसवाल्यांसाठी इंटेलचा आय-५ १४५०० चौदा कोअरचा आहे, त्यात क्विक सिंक आहे, आणि कमाल वीज दीडशे वॅटच्या जरा वर आहे. हे प्रोसेसर शर्यतीत पहिले येणारे नाहीत, पण मेमध्ये दम टाकणारेही नाहीत.

सर्वांत महाग तो सर्वांत टिकाऊ, या समजुतीलाही २०२४ मध्ये चांगला धक्का बसला. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. कंपनीने त्या वर्षी जुलैमध्ये मान्य केले की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टपासून त्यावर सुधारणा देण्यात आली आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. ही सुधारणा मदरबोर्डच्या बायोसमधून येते, आपोआप येईलच असे नाही. या पिढ्यांचे वरचे प्रोसेसर सेकंड हँड घेणाऱ्याने विशेष जपावे, कारण आधीच झालेली झीज सुधारणेने भरून निघत नाही.

पैशाचे म्हणाल तर एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त प्रोसेसरवर घालू नये. उरलेल्यातून चांगला एसएमपीएस, चांगला कूलिंगचा पंखा, एसएसडी, पुरेशी रॅम आणि यूपीएस. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार भडकले, त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नका. आणि व्याज टाळायचे असेल तर मदरबोर्ड विचारपूर्वक निवडा. एएमडीचा एएम५ हा सॉकेट २०२२ मध्ये आला आणि तो २०२७ पर्यंत व पुढेही चालवण्याचे कंपनीने जाहीर केलेले आहे. आज सहा कोअरचा प्रोसेसर रोखीने घ्यावा, धंदा जमला की त्याच बोर्डावर बारा कोअरचा बसवावा आणि जुना विकून टाकावा. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉकेट बदलला, म्हणून १४ व्या पिढीच्या बोर्डावर त्यापुढची मालिका बसत नाही. हप्त्यावर आज मोठे यंत्र आणण्यापेक्षा दोन टप्प्यांत रोखीने घेणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते, मग कागदावर आज जोर थोडा कमी दिसला तरी चालेल.

बिल पक्के घ्या. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असेल तर तो इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा धरता येतो. क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर मात्र घसारा धरू नये. जकातीबद्दल अनेक जण विचारतात. ज्या यंत्रावर आपण काम करतो ते जकातीच्या हिशेबात धरले जात नाही, विक्रीसाठी ठेवलेला माल धरला जातो. बारकावे आपल्या उलेमांना विचारावेत. बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्यावे आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यात आहे की सुटा हेही नोंदवून घ्यावे. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी सीलबंद खोक्यावर असते. सुट्या मालाची जबाबदारी बहुधा विकणाऱ्यावरच राहते.

यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी आपल्याच कामाची एखादी मोठी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जावे, तीही शक्यतो दुपारी. ती फाइल लावून अर्धा तास यंत्र पळवावे, तापमान दाखवणारा फुकटचा प्रोग्राम बाजूला उघडा ठेवावा आणि पहिल्या पाच मिनिटांचा वेग शेवटच्या पाच मिनिटांशी ताडून पाहावा. वेग उतरला असेल तर पैसे देण्याआधी पंखा बदलून मागावा.