कलादिग्दर्शन, जाहिरातीतील

जाहिरातीचे दृश्यरूप कल्पून ते छापून वा प्रक्षेपित होऊन लोकांसमोर येईपर्यंत त्यावर देखरेख ठेवण्याचे कार्य. ते करणाऱ्या व्यक्तीस कलादिग्दर्शक (आर्ट डायरेक्टर) म्हणतात. चित्रपटातील कलादिग्दर्शकाचा संबंध मुख्यत्वे नेपथ्याशी असतो. जाहिरातीतील कलादिग्दर्शक चित्र, शब्द, अक्षर, रंग आणि मोकळी जागा यांचे परस्परसंबंध ठरवितो. सर्व चित्रे तो स्वतः काढतोच असे नाही. चित्रकार, छायाचित्रकार, सुलेखनकार व मुद्रक यांच्याकडून काम करून घेणे आणि त्यांतून एकच आशय व्यक्त होतो की नाही हे पाहणे, ही त्याची खरी जबाबदारी होय.

कार्यपद्धती : मालाचे स्वरूप, अपेक्षित ग्राहक व खर्चाची मर्यादा यांची माहिती जाहिरातदाराकडून प्रथम मिळते. त्यानंतर कलादिग्दर्शक व मजकूरलेखक (कॉपीरायटर) एकत्र बसून मध्यवर्ती कल्पना शोधतात. पूर्वी लेखक मजकूर पूर्ण करी व चित्रकार त्यास चित्राची जोड देई. न्यूयॉर्कमध्ये १९४९ साली स्थापन झालेल्या डॉइल डेन बर्नबाक या संस्थेने दोघांना बरोबरीने काम करावयास लावले आणि हीच पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. कल्पना ठरल्यावर लहान आकाराची अनेक कच्ची रेखाटने होतात. त्यांतील निवडक रेखाटनांवरून मांडणीचा आराखडा व अखेरीस मुद्रणयोग्य प्रत तयार होते. संगणक येण्यापूर्वी जुळविलेल्या मजकुराचे कागद पात्याने कापून, रबर सोल्यूशनने पुठ्ठ्यावर चिकटवून ही प्रत सिद्ध केली जाई व तिच्यावरील पारदर्शक कागदावर मुद्रकासाठी सूचना लिहिल्या जात.

माध्यमानुसार निर्णय बदलतात. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे बारीक रेषा व अक्षरांतील लहान पोकळ्या भरून जातात. रस्त्याकडेचा फलक धावत्या वाहनातून काही क्षणच दिसतो. त्यावर थोडे शब्द व एकच ठळक चित्र पुरते.

मुंबईतील विकास : भारतातील या व्यवसायाचे मुंबई हे प्रमुख केंद्र. गिरगावात १९०५ च्या सुमारास सुरू झालेली बी. दत्ताराम ही आरंभीच्या भारतीय जाहिरातसंस्थांपैकी एक होय. सर जे. जे. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि या कामासाठी रीतसर शिक्षण घेतलेले कलावंत मिळू लागले. या विभागातूनच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था निर्माण झाली. व्यावसायिक कलावंतांची ‘कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड’ ही संघटना १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झाली. या काळातील दोन निर्मिती विशेष प्रसिद्ध आहेत : बॉबी कूका यांच्या कल्पनेतून व उमेश राव यांच्या रेखाटनातून १९४६ मध्ये साकारलेला एअर इंडियाचा ‘महाराजा’ आणि सिल्व्हेस्टर डाकुन्हा व कलादिग्दर्शक यूस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ मध्ये घडविलेली अमूल लोण्याची बालिका. दोहोंतही चित्र हे मजकुराचे अलंकरण नसून तेच बोलणारे पात्र आहे.

देवनागरीचा प्रश्न : मोठ्या जाहिरातसंस्थांतील विचार बहुधा इंग्रजीतून होई. मांडणी इंग्रजी मजकुरावर बेतली जाई आणि मराठी भाषांतर शेवटी, ठरलेल्या जागेत बसविले जाई. त्यामुळे होणारी हानी केवळ शब्दार्थाची नव्हती. लॅटिन अक्षरे पायारेषेवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेखाली लोंबतात. मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार वर जातात आणि उकार खाली उतरतात. परिणामी त्याच मापाच्या टंकात देवनागरी अक्षराचा गाभा लहान दिसतो व ओळींमध्ये अधिक अंतर लागते. हे अंतर न दिल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेस भिडतो. इंग्रजीप्रमाणे मोठी व लहान लिपी नसल्याने भर देण्यासाठी जाडी, आकार वा वळण यांचाच आधार घ्यावा लागतो. मराठी जाहिरात दुय्यम वाटण्याचे एक कारण या तांत्रिक दुर्लक्षात होते.

मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींत मात्र अक्षरालाच चित्राचे स्थान मिळाले. टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या कला विभागात काम केलेल्या कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या नावांना त्यांच्या प्रकृतीनुसार वळण दिले. एका रकान्याच्या जागेतही नाटक गंभीर की विनोदी हे प्रेक्षकास अक्षरांवरून कळे. उल्का या मुंबईतील जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक असलेले र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी हाच प्रश्न लिपीच्या मुळापाशी नेला. कवी व सुलेखनकार असलेल्या जोशी यांनी पुढे पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांच्या संगणकीय टंकांवर काम केले. हे केंद्र नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाले. सी-डॅकच्या मुंबई शाखेचा एक परिसर नवी मुंबईत आहे. जोशी यांचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोज प्रणालीसोबत जगभर पोहोचला.

संगणकयुग व नवी मुंबई : विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात संगणकीय मांडणी आली आणि मुद्रणयोग्य प्रत कलादिग्दर्शकाच्या मेजावरच तयार होऊ लागली. परंतु देवनागरीचे आरंभीचे टंक वेगवेगळ्या सांकेतिक रचनांचे होते. जाहिरातसंस्थेत नीट दिसणारा मजकूर मुद्रणालयातील यंत्रावर निरर्थक चिन्हांत बदले. युनिकोडमुळे (१९९१) ही अडचण हळूहळू कमी झाली. मुंबईत कल्पिलेल्या जाहिरातींचा अखेरचा टप्पा अनेकदा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात पार पडतो. महापे येथील मुद्रणालयात ‘लोकसत्ता’सारखे दैनिक छापले गेले आहे. सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) वसलेल्या या शहरात शीव-पनवेल महामार्गालगतचे फलक हे कलादिग्दर्शनाचे सर्वांत ठळक दृश्य होय.

दुकानांवरील नामफलकात मराठी देवनागरी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे बंधन राज्याच्या कायद्यात आहे; २०२२ च्या दुरुस्तीने ते लहान दुकानांनाही लागू झाले. तथापि आकार कायद्याने ठरविता येतो, सुवाच्यता नव्हे. देवनागरी मजकूर आरंभीच विचारात घेऊन मांडणी करणारा कलादिग्दर्शकच ती साधू शकतो.