निराशेचा कल मोजावा, पण कशासाठी?

अंगात ताप किती आहे हे तापमापक सांगतो. उद्या तो कोणाला येईल हे मात्र त्याला सांगता येत नाही. मनाच्या विकारांचे मोजमापही बराच काळ याच मर्यादेत अडकले होते. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६१ साली २१ प्रश्नगटांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही जगभर वापरात आहेत. परंतु ती मोजते ते आलेले नैराश्य. माणूस हिंडताफिरता, हसताबोलता असतानाच त्याच्या विचारांच्या ठेवणीवरून पुढचा धोका ओळखता येईल काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. आणि शिक्षकांच्या व पालकांच्या दृष्टीने अधिक निकडीचाही.

बेक यांचे प्रतिपादन असे की, घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला अधिक खचवतो. सर्वांनी वाखाणले तरच आपल्याला किंमत, एका चुकीने सारेच वाया गेले, अशी काही गृहीतके मनाच्या तळाशी रुजलेली असतात. ती मोजण्यासाठी आर्लीन वाइसमन आणि बेक यांनी १९७८ साली ४० विधानांची मोजपट्टी मांडली. प्रत्येक विधान आपणांस कितपत पटते हे सात पायऱ्यांवर नोंदवावयाचे. त्याच वर्षी लिन अब्रॅमसन, मार्टिन सेलिगमन व जॉन टीझडेल यांनी दुसऱ्या बाजूने विचार केला: अपयशाचे कारण माणूस कोठे शोधतो? गणितात नापास झालेला विद्यार्थी ‘या खेपेस सराव कमी पडला’ असे म्हणतो तेव्हा कारण तात्पुरते व त्या विषयापुरते राहते. ‘मला बुद्धीच नाही’ असे तो म्हणतो तेव्हा तेच कारण स्वतःत, कायमचे आणि आयुष्याची सारी अंगे व्यापणारे ठरते. या सवयीला गुण देणाऱ्या प्रश्नावल्याही पुढे तयार झाल्या.

यावर एक रास्त आक्षेप निघाला. निराश माणूस निराश विचार करणारच. मग हे विचार आजाराचे कारण की निव्वळ लक्षण? आजार ओसरल्यावर पुष्कळांचे मोजपट्टीवरील गुणही खाली येतात, असे आढळल्याने ही शंका बळावली. तिचे निरसन करण्याचा मार्ग एकच होता: आजारापूर्वी मोजावे आणि वाट पाहावी. लॉरेन अलॉय व अब्रॅमसन यांनी टेंपल आणि विस्कॉन्सिन या विद्यापीठांत १९९० च्या दशकात तेच केले. प्रथम वर्षाच्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. दोन्ही प्रकारच्या मोजमापांत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या चतुर्थांशात येणारे, त्या वेळी नैराश्य नसलेले विद्यार्थी निवडले आणि काही वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांना पूर्वी कधीच नैराश्य आले नव्हते अशांपैकी, पहिल्या अडीच वर्षांत, अधिक धोक्याच्या गटातील सुमारे १७ टक्क्यांना तीव्र नैराश्य आले; कमी धोक्याच्या गटात हे प्रमाण सुमारे एक टक्का होते.

तरीही कल म्हणजे आजार नव्हे. बहुधा एखादा आघात झाल्यावरच तो उघड होतो. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची नोंद सुसान नोलेन-होक्सेमा यांनी योगायोगाने दोनच आठवडे आधी घेतली होती. दुःखाचा मनातल्या मनात रवंथ करीत राहण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही निराशा अधिक आढळली.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक साधा हिशेब मांडावासा वाटतो. १७ आणि १ यांतील तफावत मोठी खरी; पण अधिक धोक्याच्या म्हणून बाजूला काढलेल्या शंभरांपैकी ८३ जणांना त्या मुदतीत तीव्र नैराश्य आलेच नाही. सरासरी समूहाबद्दल बोलते. व्यक्तीचे भविष्य ती सांगत नाही. उद्या एखाद्या संस्थेने प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी अशा गुणांची चाळणी लावली, तर तो त्या ८३ जणांवर उघड अन्याय होईल. आणि उरलेल्या १७ जणांना आधाराची गरज असताना दार लावून घेतल्यासारखे होईल. शिवाय मोजमापच निकामी होईल. एखादे मोजमाप नियंत्रणासाठी वापरू लागले की त्याचा भरवसा जातो, हे चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखविले. येथेही तेच घडेल: ज्या उत्तरावर जागा अवलंबून आहे, ते उत्तर खरे कोण देईल?

म्हणून हे मोजमाप स्वेच्छेने, गुप्तता पाळून आणि पुढे समुपदेशनाची सोय असेल तरच करावे. परक्या प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतरही पुरेसे नाही. थोरांच्या पसंतीवाचून समाधान नाही, हे विधान आपल्या घरांत दुबळेपणाचे नव्हे तर रीतीचे लक्षण मानले जाते. तेव्हा गुणांचा अर्थ मराठी मुलांच्या उत्तरांवरूनच नव्याने बसवावा लागेल.

दरम्यान शिक्षकांना एक गोष्ट प्रश्नावलीवाचूनही करता येईल. अलॉय व अब्रॅमसन यांच्या पाहणीत अधिक धोक्याच्या विद्यार्थ्यांनी सांगितले होते की, त्यांच्या आयुष्यातील वाईट घटनांचा अर्थ आईवडीलही असाच, कायमचा आणि सर्वव्यापी लावीत. ‘तुला हे जमायचेच नाही’ आणि ‘ही दोन प्रकरणे पुन्हा कर’ या दोन शेऱ्यांतील अंतर त्यावरून ध्यानात यावे. ज्याची निराशा आठवडेच्या आठवडे हटत नाही, त्याला मात्र उपदेश न करता डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. उत्तरपत्रिकेवरचे गुण आपण नेमाने मोजतो. त्या गुणांचा अर्थ विद्यार्थी स्वतःशी काय लावतो, हेही निकालाच्या दिवशी विचारण्याची पद्धत शाळा-महाविद्यालयांनी पाडावयास हवी.