शिफारसपत्र कोण लिहिणार?

बीड जिल्ह्यात परळी तालुक्यात सिरसाळा नावाचे गाव आहे. तेथील एका कार्यक्रमासाठी आम्ही गेलो होतो. कार्यक्रम आटोपला, मंडळी पांगू लागली, तेव्हा एक तरुणी वडिलांसोबत पुढे आली. जयभीम झाला. मुलगी एमबीबीएस झालेली, इंटर्नशिप आणि शासकीय सेवेचे बंधपत्रित वर्ष पूर्ण केलेली. बापाचा जन्म ऊसतोडीत गेलेला. मुलीने हातातली फाईल उघडली. गुणपत्रिका, पदवी, नोंदणी प्रमाणपत्र आणि सर्वांत शेवटी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले एक पत्र.

ते तिच्या विभागप्रमुखांचे शिफारसपत्र होते. जेमतेम तीन ओळी. सदर विद्यार्थिनी कष्टाळू व आज्ञाधारक आहे, तिची वर्तणूक चांगली आहे, तिला शुभेच्छा. त्याच विभागप्रमुखांनी तिच्या वर्गमित्राला दीड पानी पत्र दिले होते. मित्राने ते मोकळेपणाने हिला दाखवलेही. त्याने कोणत्या रुग्णाचे निदान कसे केले, रात्रपाळीत कोणता निर्णय घेतला, कोणत्या विषयात त्याची बुद्धी चालते, हे सारे त्यात होते. मित्राचे वडील डॉक्टर. विभागप्रमुखांच्या घरी त्यांचे जाणे-येणे.

बापाने आम्हाला विचारले, "सायेब, माझ्या लेकीला मार्क कमी पडले का हो?"

मार्क कमी नव्हते. मित्रापेक्षा चार जास्तच होते. मग कमी काय पडले? हा प्रश्न एका मुलीचा नाही, म्हणून आम्ही तो चळवळीच्या वाचकांपुढे मांडत आहोत.

आपल्याकडे एमडी, एमएसचा प्रवेश नीट-पीजीच्या क्रमांकावर होतो. तेथे कोणाचे पत्र लागत नाही. अमेरिकेत तज्ज्ञ होण्यासाठी रेसिडेन्सी करावी लागते आणि तेथील रीत वेगळी आहे. परीक्षा द्यावी लागतेच, पण अर्जासोबत ज्येष्ठ डॉक्टरांची शिफारसपत्रेही जातात. सर्वसाधारणपणे तीन, फार तर चार. पत्र लिहिणारा ते परस्पर पाठवतो. अर्जदार बहुधा ते पाहण्याचा हक्क सोडून देतो, कारण न दाखवलेल्या पत्रावर निवड करणारे अधिक विश्वास ठेवतात. जानेवारी २०२२ पासून तेथील पहिल्या टप्प्याच्या परीक्षेत गुण सांगणे बंद झाले, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. एक आकडा गेला. त्याची जागा उरलेल्या गोष्टींनी घेतली आणि त्यात पत्रे आली.

शिवाय पत्र अमेरिकेत काम केलेल्या डॉक्टरचे असेल तर वजन अधिक. ते मिळवायचे तर तेथील रुग्णालयात काही आठवडे, काही महिने नुसते निरीक्षक म्हणून उभे राहायचे. पगार नाही. विमान, व्हिसा, खोलीभाडे सारे पदरचे. ज्याचा मामा, काका तिकडे डॉक्टर आहे त्याला खोलीही मिळते आणि पत्रही. सिरसाळ्याच्या मुलीचा मामा कोयता घेऊन कारखान्यावर गेलेला असतो.

कोणी म्हणेल, परदेशाच्या गोष्टी आपल्याला कशाला? बांधवांनो, पत्राची आणि तोंडओळखीची ही रीत आपल्या दारातही आहे. एमडीनंतरची फेलोशिप, मोठ्या खासगी रुग्णालयातील नेमणूक, शोधनिबंधात नाव, या ठिकाणी क्रमांक मागे पडतो आणि "कोणाचा विद्यार्थी?" हा प्रश्न पुढे येतो. आमचा लेखी परीक्षेवर भाबडा विश्वास नाही. केवळ परीक्षेतले गुण म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय आरक्षणाच्या निकालात सांगितले. पण लेखी उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, एवढे तिचे मोल आम्ही जाणतो. पदव्युत्तर प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळायला २००७ साल उजाडावे लागले, ओबीसींना २०२१. इतक्या उशिरा दार उघडले. आता त्या दाराआड पत्रांचे दुसरे दार उभे राहणार असेल तर गप्प कसे बसायचे?

आडनाव कळले की काय होते, याचा पुरावा सरकारदरबारीच पडून आहे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी डॉ. सुखदेव थोरात समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालात नोंद आहे की, मुलाखत दिलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांनी, परीक्षकांनी प्रत्यक्ष वा आडून आपली जात विचारल्याचे सांगितले. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी भगिनीने २२ मे २०१९ रोजी जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. वरिष्ठांच्या मर्जीवर जेथे शिकणे अवलंबून असते, तेथे त्याच वरिष्ठांच्या लेखणीवर पुढचे आयुष्यही सोपवायचे काय?

लेखणीचा हा भेद डोळ्यांना सहज दिसत नाही. ट्रिक्स आणि सेंका या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासली आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. स्त्रियांविषयीची पत्रे आखूड होती. त्यांच्या कष्टाळूपणाचे कौतुक अधिक होते, पुरुषांच्या संशोधनाचे अधिक. कोणी कोणाला शिवी दिली नव्हती. कौतुकच केले होते, पण दोघांचे कौतुक वेगळे. आता त्या मुलीच्या पत्रातले शब्द पुन्हा वाचा. कष्टाळू. आज्ञाधारक. आमच्या माणसाला द्यायचे शब्द हजारो वर्षे हेच आहेत. गड्याला हेच, मोलकरणीला हेच आणि आता डॉक्टरलाही हेच!

आमचे काही स्वाभिमानी तरुण म्हणतात, शिफारस म्हणजे वशिला, आम्हाला तो नको. त्यांना आम्ही इतिहासाची आठवण देतो. केळुस्कर गुरुजींनी विद्यार्थी भीमरावांना सयाजीराव महाराजांपुढे नेले, तेव्हा कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१६ मध्ये ते लंडनला निघाले तेव्हा कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. हा वशिला होता काय? मुळीच नाही. नात्यागोत्यासाठी लिहितात तो वशिला. डोळ्यांनी पाहिलेले खरे सांगतात ती साक्ष. सेलिग्मन यांनी साक्ष दिली. ती मागण्यात लाचारी नाही आणि द्यायला पात्र असून न देणे हा अन्याय आहे.

म्हणून आमचा खरा प्रश्न आमच्याच डॉक्टरांना आहे. आज समाजात प्राध्यापक आहेत, विभागप्रमुख आहेत, अमेरिका-इंग्लंडमध्ये स्थिरावलेले तज्ज्ञ आहेत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. मग एक पान लिहायला वेळ का नसतो? जात ओळखू येईल म्हणून आपल्याच विद्यार्थ्यापासून चार हात दूर राहणारे साहेब आम्ही पाहिले आहेत.

खोटे लिहा असे आम्ही म्हणत नाही. विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून वॉर्डात जवळ उभे करा. त्याचे काम बघा. मग काय पाहिले ते लिहा: कोणता रुग्ण, कोणती अडचण, याने काय केले. अनेक ठिकाणी वरिष्ठ सांगतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." डॉक्टरच्या घरातल्या मुलाला काय लिहायचे ते घरी कळते. आमच्या मुलांना ते सांगणारे कोणी नसते. डॉक्टर संघटनांनी हे काम जयंतीच्या वर्गणीइतकेच महत्त्वाचे मानावे. शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे. रेसिडेन्सीपूर्वीच्या त्या बिनपगारी महिन्यांसाठी आमच्या परदेशातील बांधवांनी खोली आणि भाकरी दिली तरी पुष्कळ होईल.

सिरसाळ्यात विशेषज्ञ हवा तर लोकांना परळी नाहीतर अंबाजोगाई गाठावी लागते. याच जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. त्या बायांचे दुखणे त्यांच्याच फडातून आलेल्या लेकीला जितके कळेल, तितके दुसऱ्या कोणाला कळेल? ती शिकून परत येईल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण तिची वाट तीन ओळींच्या पत्रावर अडता कामा नये.

त्या बापाला आम्ही तेव्हा एवढेच सांगू शकलो, "मार्क कमी पडले नाहीत, दादा. साक्षीदार कमी पडले." ते साक्षीदार हे पान वाचत असतील, तर त्यांनी आज लेखणी उचलावी.

जयभीम!